झाकलेला वाटा

“मग हे डोळे कुनाचे? सांगा की!”

बिरोबाच्या पायरीवर माझा बाप ओरडत होता. म्हाळू त्याचं नाव, मोठ्या कळपाचा धनी, आणि ताठा कळपाहून मोठा. समोर माझी आई, बायडा. तिच्या कडेवर वर्षाची मी. आईनं सांगितलं तसं लिहिते, पदरचं काही घालत नाही.

“माझे डोळे काळे, हिचे काळे. पोरगी घारी! हिनं भंडारा उचलून शपथ घ्यावी. न्हाई तर आजच माहेरी…”

धोंडाई देवळाची पुजारीण. ढोल, ओव्या, सगळं बाप तिच्याकडूनच शिकलेला.

आईनं भंडाऱ्याकडे हात नेला. धोंडाईनं तो धरून मागं सारला.

“म्हाळू, पांढऱ्या मेंढ्याचं पांढऱ्या मेंढीला काळं कोकरू हुतं का रं?”

“हुतंय की एखादं.”

“मग त्या मेंढीला कवा भंडारा उचलायला लावलास?”

पायरीवरचे लोक हसले. बाप पेटला.

“तिला कशाला? कोकरात एक वाटा आईचा, एक बापाचा. पांढरा काळ्याला झाकतो. दोन्हीकडनं झाकलेला काळाच आला, की कोकरू काळं. हे मला शिकवता?”

“न्हाई बाबा, तूच मला शिकव. डोळ्यांत काळा घाऱ्याला झाकतो. मग?”

“…हिच्यात झाकलेला हुता?”

“हिच्या एकटीच्यानं भागतं?”

“माझ्या घरात घारं कुनीबी न्हाई!”

“येसू हुती. तुझी आई. तुला जन्म देताना गेली. बापानं दुसरी केली, पहिलीचं नाव घरात निघू दिलं न्हाई. तिचं डोकं माझ्या मांडीवर हुतं, म्हाळू. डोळे मीच मिटले… घारे.”

बाप मटकन खाली बसला.

आईनं काय करावं? एवढं ऐकून घेतलेल्या त्या बाईनं मला कडेवरून उतरवलं नि त्याच्याच मांडीवर ठेवलं. मला बाप मिळाला तो त्या दुपारी. या दोघी बायकांचे उपकार मी मरेपर्यंत मिरवणार.

मी त्याच्याकडे टक लावून बघत होते म्हणे. त्याची मान काही वर होईना.

धोंडाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“येसूला तुझं तोंड बघायला मिळालं न्हाई रं… मान वर कर. बघू दे तिला.”