निखळलेला खांदा आणि दारावरची पाटी

एका नगरात वैद्यकीच्या दोन विद्याशाळा होत्या. एक आचार्य हरिमित्रांची, दुसरी आचार्य नीलभटांची. राजाला त्यांतली एकच ठेवायची होती. त्याने दोघांना फर्मावलं, "तुमच्याकडून बाहेर पडणाऱ्याला काय करता येईल, ते दारावर लिहा. वर्षअखेर तपासा आणि मला येऊन सांगा. मग ठरवू."

नीलभटांनी झोकात पाटी रंगवली: 'विद्यार्थ्याच्या मनात वैद्यकीविषयी गाढ आस्था निर्माण होईल.' आता पाटी काय, कोणीही लावतो; गिऱ्हाईक माल बघायला मागतं तेव्हा खरी गंमत. पण आस्था बघायला मागणार कोण? हरिमित्र सरळ गृहस्थ. त्यांनी लिहिलं, 'विद्यार्थी निखळलेला खांदा जागेवर बसवील.'

वर्ष सरलं. हरिमित्रांना परीक्षेसाठी रुग्ण शोधावे लागले नाहीत. शेजारीच तालीम होती. तिथे कोणाचा ना कोणाचा खांदा निखळलेला असेच. पहिला विद्यार्थी खांदा निखळलेल्या भिवा पैलवानाजवळ बसला. सांधा निखळल्याची सगळी लक्षणं त्याने घडाघडा म्हटली. हात मात्र जागचे हलेनात.

भिवा कळवळून ओरडला, "आचार्य, हा माझ्या खांद्याला श्लोक म्हणून दाखवतोय. खांदा काही ऐकत नाही! तुम्हीच या बाबा!"

हरिमित्रांनी पुढे होऊन खांदा बसवला. परीक्षा संपली तेव्हा निम्म्या विद्यार्थ्यांना जमलं होतं, निम्म्यांना नाही. आचार्य चक्रावले. न जमलेल्या एकाला त्यांनी जवळ बसवून विचारलं, "अरे, वर्षभर माझ्यापाशीच उभा होतास ना?"

"तुमच्या मागे होतो, गुरुजी. समोर उभं राहणं म्हणजे आपल्याकडे उद्धटपणा. आम्हाला तुमची पाठच दिसायची."

गुरूच्या मागे उभं राहायचं, ही त्या शाळेची जुनी रीत. ज्यांना जमलं ते बहुतेक उंच होते. त्यांना गुरुजींच्या डोक्यावरून बघता यायचं.

उपाचार्य केशवभटांना वेगळीच चिंता. "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? 'बसवील' पुसा, 'कसा बसवतात ते सांगेल' असं लिहा. सगळे उत्तीर्ण! राजा काय खांदा घेऊन येणारे इथे?"

हरिमित्रांनी कुंचला घेतला. शाळा मोडली तर आयुष्याची कमाई मातीत जाणार होती. कुंचला पाटीला टेकलाही. तेवढ्यात तालमीकडून कोणाच्या तरी कण्हण्याचा आवाज आला. आचार्यांनी कुंचला खाली ठेवला.

"केशवभट, पाटी राहू द्या. उद्यापासून सगळ्यांनी माझ्यासमोर उभं राहायचं."

दरबार भरला. नीलभट हसतमुखाने पुढे आले. "महाराज, आमचे झाडून सारे उत्तीर्ण."

"कशावरून?"

"प्रत्येकाला विचारलं, आस्था आहे ना? एकजात सगळे हो म्हणाले."

हरिमित्र उठले. "महाराज, आमचे निम्मे नापास. चूक त्यांची नाही. माझे हात त्यांना दिसतील अशी मी सोयच केली नव्हती. आता रीत बदलली आहे, त्यांना पुन्हा शिकवतो आहे."

दरबारात कुजबुज झाली. राजा नीलभटांकडे वळला. "समजा, उद्या तुमचा नातू घोड्यावरून पडला, खांदा निखळला. कोणाला बोलवाल?"

नीलभटांनी उपरणं सारखं केलं. उत्तर तर द्यायला हवं, आणि नातू डोळ्यांपुढून हलेना.

"महाराज..." ते हळूच म्हणाले, "हरिमित्रांकडे उत्तीर्ण झालेल्याला."

"का? तुमचे तर सगळेच उत्तीर्ण आहेत की!"

राजाने हरिमित्रांची शाळा ठेवली.

तात्पर्य: विद्यार्थ्याला काय येईल हे सांगताना, डोळ्यांनी पाहता येईल असंच सांगावं, आणि तपासल्यावर कमी निघालं, तर शब्द बदलू नये, शिकवणं बदलावं.