राजेसाहेबांचा नंबर कितवा?

निंबगडच्या दवाखान्यात एका तान्ह्या बाळाच्या हृदयाची तपासणी चालली होती. मोठे डॉक्टर पुण्याहून पडद्यावर बघत होते, आणि ऐन वेळी चित्र गोठलं! दवाखाना आणि शेजारचा राजवाडा यांना इंटरनेटची लाइन एकच, आणि त्या वेळी राजवाड्यातले झाडून सगळे कुस्त्या बघत बसले होते.

दवाखाना राजेसाहेबांनीच बांधलेला. राज्य कधीच गेलं होतं, हट्ट तेवढा शाबूत होता. इंटरनेटची देखभाल करणाऱ्या केतकी तांबटला त्यांनी बोलावून घेतलं.

"उद्या पुन्हा तपासणी आहे. चित्र गोठता कामा नये. पण नव्या लाइनीसाठी माझी बाग खणायची नाही, राजवाड्यात कुणाचं इंटरनेट बंद करायचं नाही, आणि या घरात माझ्यापुढे कुणाचा नंबर लागत नाही, हे ध्यानात ठेव."

बाहेर आल्यावर दिवाणजींनी तिला हळूच सुचवलं, की उद्या आजारी पड आणि नोकरी वाचव. केतकीलाही ते पटत आलं होतं. पण दवाखान्याच्या पायरीवर बाळाची आई पदराने वारा घालत बसलेली दिसली, आणि केतकी तडक स्विचच्या खोलीत शिरली. स्विच म्हणजे आलेलं इंटरनेट खोल्याखोल्यांत वाटणारी पेटी. लाइन तोकडी नव्हतीच. घेणाऱ्यांना धरबंध नव्हता. तिने राजवाड्यातल्या प्रत्येक खोलीला माप ठरवून दिलं. मापात राहील त्याला कुणी अडवणार नाही, वरचं मागेल त्याचं वरचं तेवढं दारातच गळेल. मग दवाखान्याला वाट मोकळी करून दिली.

दुसऱ्या दिवशी राजेसाहेबांच्या पडद्यावरचे पैलवान पुसट झाले. केतकीला तातडीचं बोलावणं आलं.

"माझं बंद केलंस?"

"बंद कुठे, सरकार? कुस्ती दिसतेय की. पैलवानांच्या मिशा तेवढ्या दिसत नाहीत."

"आणि माझा नंबर?"

"घरात पहिला. खोल्यांना मापं लावलीत, त्यात सगळ्यात मोठं आपलं, युवराजांपेक्षाही."

"मग दवाखाना माझ्यापुढे गेला कसा?"

केतकीने उलट विचारलं, "सरकार, आपल्याकडे पंगतीत आधी कोण जेवतं?"

"पाहुणे. यजमान शेवटी. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे आमची."

"मग दवाखान्यातलं बाळ कुणाचं पाहुणं?"

तेवढ्यात दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला: तपासणी नीट पार पडली, बाळाला ऑपरेशन लागणार नाही, औषधाने भागेल.

राजेसाहेब इतके हसले, की पगडी सावरायला दिवाणजींना धावावं लागलं. "दिवाणजी, वेशीजवळचं कोतवालाचं घर रिकामं आहे ना? दारावर पहारा ठेवावा तर हिनेच; किल्ल्या हिच्या हवाली करा. आणि काय गं कोतवालीणबाई, युवराजांचं माप जरा आणखी कमी कर. माझ्या पैलवानांना मिशा येऊ देत!"