न ऐकलेले निरोप

एकदा एक वयस्क स्त्री संगणकशास्त्र शिकवणाऱ्या एका वृद्ध गुरूंकडे आली. तिचा एकुलता एक मुलगा दीर्घ आजारात गेला होता. जाण्यापूर्वी त्याने घरच्या संगणकावर एक आज्ञावली चालू करून ठेवली होती. रोज दिवेलागणीला ती आज्ञावली एकच वाक्य वाची, ‘आधी हाक मार, मग आजचा निरोप सांग’, आणि त्यात मुलाने दिलेली हाक व निरोप भरून मोठ्याने बोले. निरोप रोज नवा असे. यंत्र आता कुरकुरू लागले होते; ते मोडण्याआधी सारे नव्या यंत्रावर न्यावे, एवढेच तिचे मागणे होते.

गुरूंनी हे काम शिष्याला सांगितले. शिष्य हुशार होता, आणि हुशारीला घाईची खोड असतेच. त्याने ते वाक्य जपून उतरवून घेतले, जुने यंत्र बंद केले, आणि मग त्याच्या ध्यानात आले की मुलाने हाक आणि निरोप कुठेच लिहून ठेवले नव्हते. चालत्या आज्ञावलीला ते त्याने तिथल्या तिथे सांगितले होते आणि ते केवळ तिच्या स्मरणात होते. यंत्र बंद होताच सारे पुसले गेले.

नव्या यंत्रावर वाक्य चालवले, पण त्यातल्या ‘हाक’ या नावामागे आता काहीच नव्हते; उत्तर आले, ‘हे नाव सापडले नाही.’ शिष्य घाबरला. त्याने हाकेच्या जागी ‘आई’ घातले आणि निरोप स्वतःच रचले. संध्याकाळी यंत्र बोलले. डोळे पुसत ती स्त्री म्हणाली, छान झाले.

दुसऱ्या दिवशी गुरूंनी शिष्याने भरलेले सारे शब्द पुसून टाकले. त्या माउलीचे समाधान का हिरावता, असे शिष्याने दुखावून विचारले.

गुरू म्हणाले, “बाळा, आयत्या वेळी चालवलेल्या वाक्याला स्वतःचे असे काहीच ठाऊक नसते. संगणकाच्या एका भाषेत ते ज्या घरात, म्हणजे ज्या आज्ञावलीत, चालते त्या घरातली नावे घेते, दुसरीत थेट चव्हाट्यावरची उचलते, आणि एखादीत नावांची शिदोरी आपणच बांधून द्यावी लागते. नाव कोणाचे, हे ते विचारत नाही. ते आपण विचारायचे. तू ते घरच मिटवलेस, ती चूक झाली. पण त्या गेलेल्या मुलाच्या तोंडी तू स्वतःचे शब्द घातलेस, ते मला सोसवत नाही. चल, तिला सांगू.”

शिष्याने मान खाली घालून तिला सगळे सांगितले.

“मला पहिल्याच हाकेला कळलं होतं,” ती म्हणाली. “तो मला आई म्हणतच नसे. माझ्या दिरांचं ऐकून तोही लहानपणापासून वहिनीच म्हणायचा. तू मन लावून केलं होतंस, म्हणून बोलले नाही.”

शिष्याला रडू आवरेना. हाक लगेच बदलून देतो, असे तो म्हणाला.

“हाक देशील रे. पण निरोप? अजून किती ऐकायचे राहिले होते, कोण जाणे. आता राहू दे तसंच रिकामं. निदान खरं तरी बोलेल.”

तेव्हापासून रोज दिवेलागणीला ते यंत्र म्हणते, ‘हे नाव सापडले नाही.’ ती ते ऐकून घेते आणि मग देवापुढे दिवा लावते.