दिवाणसाहेबांचा लेंगा

एका संस्थानचे दिवाण त्र्यंबकपंत पोथ्या खाऊन फुगलेले. "पोरींना शिवणटिपण कशाला? पाठांतर पुरे!" म्हणत त्यांनी सगुणा शिंपिणीचा वर्ग बंद करायचा हुकूम लिहवला. सगुणा तरातरा दरबारात शिरली.

"पंत, शिवणावाचून एक दिवस काढून दाखवा!"

"अगं, जन्म काढीन!" पंत ताडकन उठले आणि लेंग्याची नाडी तटकन तुटली. दोन्ही हातांनी लेंगा आवळत ते ओरडले, "सगुणे, नवी नाडी ओव!"

"ओवते की. आधी तुमच्या हुकमावर सही तर करा!"

पंतांनी लेखणीकडे पाहिलं, लेंग्याकडे पाहिलं. हात काही सोडवेना.

"फाडा मेला तो हुकूम!"

वर्ग अजून चालतो. पहिला धडा नाडी ओवण्याचा, आणि पहिल्या रांगेत पंत.