तेलाचा दुसरा रांजण

"माझ्या बुधल्यातला एक थेंबसुद्धा त्या औषधाला लागता कामा नये!" नातालीन भर दरबारात म्हणाली, आणि दरबाराची बोबडीच वळली.

वळणारच! राजा वज्रसेनाला 'नाही' म्हणायची चाल त्या राज्यात नव्हती. शेवटचं 'नाही' त्याला त्याच्या आईनं म्हटलं होतं, तेही तो रांगत असताना.

भानगड होती कराची. समुद्रकाठच्या त्या राज्यात कर तेलात भरत. वर्षाकाठी घरटी एक बुधला तेल कोठारातल्या प्रचंड रांजणात ओतायचं. त्यावर राजाचा मुदपाकखाना चाले, देवघरातल्या समया जळत आणि सरकारी दवाखान्याचा खर्चही भागे. यंदा राजानं नवा हुकूम काढला: गर्भ पाडण्याचं औषध दवाखान्यात फुकट मिळेल, खर्च रांजणातून!

नातालीन कोळीवाड्यातली ख्रिस्ती सुईण. अर्धा गाव तिच्या हातावर जन्मलेला. देवळातले पाद्रीबाबासुद्धा! त्यामुळे प्रवचन लांबलं की ती त्यांनाही डोळे वटारायची.

"अगं बाई, मग अडलेल्या गरीब बायकांनी जायचं कुठं?" राजानं विचारलं.

"माझ्याकडं यावं, महाराज! मध्यरात्री यावं! त्यांच्या बाळंतपणाला तेल घ्या, एक सोडून दोन बुधले घ्या. पण पोटातला जीव मी देवाचा मानते. तो घालवायला माझ्या हातचं घेऊ नका."

"तुझ्या हातचं?" राजा मिशीला पीळ देत म्हणाला. "रांजणात पडलं की कोणाचं कुठलं? तेल ते तेल! एवढाच हट्ट असेल तर रविवारी ये, यंदाचा बुधला ओत आणि रांजणातून तुझं तेवढं वेगळं काढून दाखव. जमलं तर तुझं खरं. नाही जमलं, तर सोमवारपासून दवाखान्यात बसून ते औषध तूच कुटायचं!"

दरबार खो खो हसला. नातालीननं मात्र स्वतःच्या हातांकडं पाहिलं. ज्या हातांनी इतकी बाळं झेलली, त्याच हातांनी ते औषध कुटायचं?

ती बाहेर आली. वेशीवर पहारेकऱ्यानं तिची मासळीची पाटी अडवून ठेवली होती.

"उचल बाय, उचल लवकर!" तो नाक दाबून म्हणाला. "महाराजांचा नेम ठाऊक आहे ना? मासळीचा वास जरी आला तरी अंघोळ करतात. परवा मांजर ढेकर देऊन गेली, तर राजवाडा धुऊन काढावा लागला!"

नातालीन पाटी डोक्यावर घेता घेता थबकली. मग अशी काही हसली, की पहारेकऱ्याला वाटलं, बाई गेली कामातून.

घरी नवरा इनास कपाळाला हात लावून बसला होता. "तेलातून तेल कोण काढणार, नातालीन? आता तुझ्यावर औषध कुटायची पाळी!"

"तुम्ही उठा आधी. होडीला चोपडायचं मुशीचं तेल कुठं ठेवलंय?"

"ते? अगं, ते उघडलं की मीच घर सोडतो!"

"मग सोडा! आणि जाता जाता आळीतल्या साऱ्या बायकांना सांगा, यंदाचा कर हाच!"

रविवारी देवळातली प्रार्थना, मिस्सा, आटोपली आणि कोळीवाडा मिरवत कोठारावर निघाला. पुढं नातालीन, मागं बुधले घेतलेल्या बायका. मुशीचं, म्हणजे शार्कच्या काळजाचं तेल ते. त्या दर्पानं म्हणे वाटेतल्या कावळ्यांनी दिशा बदलली आणि चावडीवरच्या जुन्या सर्दीवाल्यांची नाकं मोकळी झाली!

तमाशा पाहायला राजा स्वतः आला होता. "काय गं, काढणार ना तुझं तेल?"

"काढते की! आधी यंदाचा कर तर भरू द्या, महाराज." नातालीननं बुधला रांजणाच्या काठाशी नेला आणि बूच उपटलं.

कारभारी गुणाजीपंत जागच्या जागी कोसळले. राजा उपरणं नाकाला लावून ओरडला, "थांब! काय आहे ते?"

"तेल, महाराज. मुशीचं."

"माशाचं! अगं, त्या रांजणातून माझा स्वयंपाक होतो! देवापुढं समई लागते!"

"मग काय झालं? तेल ते तेल! एवढ्या रांजणात माझं कोणतं, कोणाला कळणार?"

"मला कळेल! सात पिढ्यांचा नेम आहे माझा! एक थेंब पडला तरी मोडेल!"

"आणि माझा, महाराज?"

राजा उपरणं आणखी घट्ट दाबून मागं सरला.

"ब-बरं! तुला कर माफ! कोळीवाड्यालाच माफ! जा!"

"माफी कशाला? देवाच्या नावावर कर बुडवला म्हणायचे लोक! आम्ही पुरता कर भरणार." तिनं बुधला कलता केला. तेल काठावर आलं.

"अगं थांब! थांब म्हणतो ना! ए, कोण आहे रे तिकडं? दुसरा रांजण आणा! हिचं तेल वेगळं ठेवा! माझ्या तेलाला शिवता कामा नये!"

नातालीननं बुधला सरळ केला, बूच घट्ट लावलं.

"झालं, महाराज! पडलेलं तेल मलाच काय, कोणालाच काढता येत नाही. ते पडण्याआधी वेगळं ठेवावं लागतं. माझं तुम्हीच ठेवलंत!"

राजा उपरण्याआडून फस्सकन फुटला आणि इतका हसला, की उपरणं सुटलं, वास नाकात गेला, ठसका लागला, तरी थांबेना!

"हरलो, बाई, हरलो! गुणाजीपंत, उठा आणि लिहून घ्या. आजपासून कोठारात दोन रांजण. त्या औषधाचा खर्च पहिल्यातून. ज्याच्या मनाला तो पटत नाही, त्यानं दुसऱ्यात ओतावं. ते तेल फक्त बाळंतिणींसाठी. या बाईला माझ्याकडून दोन दुभत्या गाई, तिच्या दारी येणाऱ्या बाळंतिणींच्या दुधाला. आणि नातालीनबाय, एक विनंती..."

"बोला, महाराज."

"बाळंतिणींचा तरी विचार कर. पुढच्या वर्षी खोबरेल आण!"