डोक्यातला मळ

सरदार मानाजीरावांचा दरारा मोठा होता आणि त्याहून मोठा होता त्यांचा संशय. एके दिवशी लाल डोळे चोळतच ते सदरेवर आले आणि त्यांनी तुळसाबाईला बोलावणं धाडलं. शिकेकाई, रिठे आणि नागरमोथा कुटून ती गढीसाठी केस धुण्याची पूड करायची.

"तुझ्या शिकेकाईनं आमचे डोळे जाळले," सरदार कडाडले. "डोळ्यांना झोंबणार नाही अशी पूड कर, नाहीतर गाव सोड."

तुळसाचं घर इथेच होतं, परसात तिनं वाढवलेली रिठ्याची झाडं होती. तरी धीर करून तिनं विचारलं, "सरकार, न्हाताना डोळे मिटता ना?"

"मिटून कसं चालेल? पाणी ओतणाऱ्यावर नजर नको ठेवायला?"

पाणी ओतणारा म्हातारा भिवाजी तिथेच मान खाली घालून उभा होता. त्याचा सगळा जन्म याच घरात गेला होता.

"मग सरकार," तुळसा म्हणाली, "केसांतला मळ माझी शिकेकाई काढते. डोक्यातला संशय काही तिच्यानं निघायचा नाही. तो तेवढा सरकारांनी काढावा. मग डोळे आपोआप मिटतील आणि हीच पूड झोंबायची थांबेल."

सरदारांनी भिवाजीकडे पाहिलं, आणि ते हसले.

पुढच्या न्हाण्याला ते चौरंगावर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "ओत भिवाजी, सावकाश ओत."

तुळसा तेव्हा आपल्या अंगणात निवांत रिठे फोडत बसली होती.