रोचिष्मतीने परत केलेला वर

पूर्वी कृतयुगात, देवदारूंच्या छायेने निळसर झालेल्या अमलजला नदीच्या तीरी वातायन नावाचे महातपस्वी मुनी आपली भार्या रोचिष्मती हिच्यासह राहत असत. संतानाच्या अभिलाषेने रोचिष्मती कठोर उपोषणे करी. परंतु तिचा ऋतुकाळ महिनोन्‌महिने येतच नसे. मुनींनी समाधी लावली, तेव्हा विधात्याने स्त्रीदेहात स्थापिलेल्या दोन देवता त्यांना दिसल्या. मस्तकातील प्रेरणा साद घाली. गर्भाशयानजीकची ऋतुजा त्या सादेने जागी होऊन रस निर्माण करी. आणि तो रस मस्तकी चढताच प्रेरणा मौन धारण करी.

सेविकेने स्वामिनीला गप्प करावे हे मुनींना रुचले नाही. घोर तपाने अश्विनीकुमारांना प्रसन्न करून त्यांनी वर मागितला की, प्रेरणेची साद अखंड चालावी. देववैद्यांनी तो दिला.

आरंभी ऋतुजा वेगाने कामाला लागली. पुढे मात्र रजोदर्शन सर्वस्वी थांबले. रोचिष्मतीच्या अंगाची लाही होऊ लागली, निद्रा उडाली. आज्ञा वाढली असता कार्य का थांबावे, हे मुनींना उमगेना. पाचारण केलेले अश्विनीकुमारही एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हणे साद वाढवावी, दुसरा म्हणे ऋतुजेला जागे करावे.

अखेर रोचिष्मतीने नेत्र मिटून ऋतुजेलाच कारण विचारले.

"माते," ऋतुजा उत्तरली, "जी साद थांबतच नाही, ती मला ऐकू येत नाही. माझ्या रसाने प्रेरणा शांत होते, तो तिचा अवमान नव्हे. ते माझे उत्तर आहे. तुझ्या उपोषणांनी तिची साद क्षीण झाली होती, एवढेच."

रोचिष्मती पतीकडे वळली. "आर्यपुत्र, हा वर मी परत करते. माझ्या देहासाठी मागताना मला कोणी विचारले नव्हते."

मुनींनी मान खाली घातली. अश्विनीकुमारांनी वर मागे घेतला, रोचिष्मतीने उपोषणे सोडली, आणि प्रेरणा पुन्हा थांबत थांबत साद घालू लागली. ऋतुकाळ परतला; यथाकाळ त्यांना कन्या झाली. स्त्रीदेहात सादेमागून विराम येतो, तो याच कारणाने.

तरीही मुनींचा एक संभ्रम उरलाच. थोडा असता जो रस प्रेरणेला शांत करतो, तोच परिपूर्ण होताच तिला गर्जना करायला लावतो, आणि त्या गर्जनेनेच बीज मुक्त होते. असे का, हे त्यांनी अश्विनीकुमारांना विचारले. देववैद्यांनी लगबगीने रथ जोडला आणि ते स्वर्गलोकी निघून गेले.